डिस्कपर्यंत वारा नेणारी लाल नळी

मी एक जुनी लाल नळी आहे. लांबी दोन हात, आणि जाडी म्हणाल तर आत मनगट सहज जाईल. अंगात तारेचे वेटोळे आणि वर उष्णता सोसणारे रबरी कापड. पोटात काही म्हणजे काहीच नाही. सुरुवातीला मला याची फार लाज वाटे.

मित्रांनो, मी ज्या गॅरेजात आले ते दोन बहिणींचे होते. धाकटी गाड्या दुरुस्त करी, थोरली त्या शर्यतीत चालवी. मागच्या शर्यतीत थोरलीने मोठ्या वळणाआधी ब्रेक दाबला, तो पाय थेट तळाला गेला. ब्रेक इतके तापले होते की त्यातले ऑईल उकळले होते. गाडी वाळूत जाऊन रुतली. थोरलीला साधे खरचटलेही नाही, पण तेव्हापासून वळण दिसायच्या आतच तिचा पाय ब्रेकवर जाई. धाकटीच्या जिवाला घोर लागला, कारण ते ब्रेक तिनेच बसवले होते.

"ताई, या खेपेला मी ब्रेकवर थेट वाराच आणून सोडते," ती म्हणाली.

"सोड बाई. पण माझं दुधानं तोंड पोळलंय. आता मी ताकही फुंकूनच पिणार."

"फुंकायला ही नळी आहे ना! तू नुसती गाडी चालव."

डाव्या चाकाला मी आणि उजव्याला माझी जुळी बहीण, असे आम्हाला बसवले. एक तोंड बंपरच्या जाळीमागे, दुसरे चाकाच्या आत, ब्रेक जिला पकडतो त्या डिस्कच्या मधोमध. ती डिस्क मी प्रथम जवळून पाहिली आणि थक्क झाले. दिसायला एक चकती, पण खऱ्या दोन, आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक भिंती. मध्यभागी वारा आणून दिला की फिरता फिरता ती तो स्वतःच ओढून घेते आणि कडेने बाहेर फेकते. हे ज्याला सुचले त्याचे पाय धरावेत असे मला वाटले!

धाकटीने प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मला आवळून बांधले. काम दृष्ट लागण्यासारखे झाले. पण गाडी जॅकवर होती आणि पुढची चाके काढलेली होती. शेकडो गाड्या हाताखालून घातलेली ती बाई, पण बहिणीच्या काळजीने तिने घाई केली. चाके परत चढवल्यावर ती शेवटपर्यंत वळवून पाहायची राहिली.

सरावाच्या पहिल्याच अरुंद वळणावर टायर माझ्या अंगावर आला. माझे पोट फाटले आणि वारा वाटेतच सांडू लागला. माझ्यापासून वीतभर अंतरावर डिस्क लाल झाली, मग नारिंगी. इतके भयंकर आणि इतके सुंदर मी काही पाहिले नव्हते. ब्रेक दाबला की डावे चाक धरेना आणि गाडी उजवीकडे ओढली जाऊ लागली. थोरली हळूहळू परत आली.

धाकटीने मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, ताई. चाक वळवून बघितलंच नाही. तू नको उतरूस शर्यतीत."

थोरलीने हातमोजे काढले. "ऊठ. तू आत बस आणि स्टिअरिंग फिरव. मी खाली बघते."

"तू? तुला पाना धरता येत नाही!"

"डोळे तर आहेत ना?"

जन्मात पहिल्यांदा ती पाठीवर झोपून चाकाजवळ सरकली. "फिरव. अजून. थांब, इथं घासतंय!" धाकटीने माझा फाटका भाग कापला, उरलेली टोके जोडली आणि मला व जुळ्या बहिणीला वरून, चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यामागून नेले. मग पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. टायर आणि मी यांच्यात तीन बोटे जागा राहिली. थोरलीने ती आपल्या बोटांनी मोजली.

शर्यतीत ते मोठे वळण आले. तिचा पाय नेहमी ब्रेकवर पडे ती रस्त्याकडेची खूण मागे गेली. ब्रेक नाही. दुसरी खूणही गेली. माझ्या पोटातून वारा असा धावला की अंगातली तार थरारली. झाडाची पाने हलवणारा साधाच वारा, पण केवढी त्याची ताकद! मग ब्रेक लागला, घट्ट लागला, आणि गाडी वाळूच्या कडेने सुरेख वळली.

थोरली सातवी आली. धाकटी मात्र ती पहिली आल्यासारखी रडत होती.

आता उष्णतेने मी कडक झाले आहे, भेगाळले आहे. माझ्या जागी नवी नळी आली. मित्रांनो, एवढेच ऐका. आपल्या माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे, ते काम "झालं" म्हणण्याआधी दोन्हीकडे वळवून पाहा. आणि चूक झालीच, तर ती तोंडाने सांगा. धाकटीने चूक लपवली असती, तर थोरली स्वतः चाकाखाली बघायला आली नसती. आणि ज्या वाऱ्याला ती पाहू शकत नव्हती, त्याच्यावर तिने पुन्हा कधी भरवसा टाकला नसता.