गोधडीचं दुसरं टोक

छकुलीनं गोधडी पाण्यातून खडकावर ओढली आणि पिळायला कुणी येतंय का, म्हणून वर पाहिलं.

कुणी येत नव्हतं.

नीरेच्या काठी अर्धं बावडा गाव नवरात्राआधीचं धुणं धूत होतं. ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहून उलटसुलट पीळ देतात. तिची आई साखरबाई सुनेच्या गोधडीचं टोक धरून उभी होती. तिनं मान खाली घातली.

“आज वाळली न्हाय तर हिचं अंथरूण गोठ्यात. अन् ही बी,” वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “उद्या घरात देव बसत्यात.”

“आनि अजून खाली धू म्हनावं. तिचं पानी आमच्या अंगावं नगं,” वरच्या खडकावरून एक बाई म्हणाली.

हसणं.

छकुली आधीच सगळ्यांच्या खाली होती.

दोन वर्षांपूर्वी पोलिसांनी तिला परमुलखातल्या एका खोलीतून सोडवून आणलं होतं. कडी बाहेरून असलेली खोली. तिथला मार कंबरेत राहिला. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही. झोप लागायची ती आईच्या कुशीला. दुसरीकडं कुठंच नाही.

तिनं एक टोक पायाखाली दाबून दुसरं पिळलं. कळ मस्तकात गेली. पाणी गोधडीतच.

मग चुलती उतरून आली. भागूबाई. काठावरचे हात थांबले. कामाला लावतो म्हणून छकुलीला नेलं ते भागूबाईच्या भावानं. तो आता तुरुंगात होता.

“धर नीट, सटवे.”

दोघींनी पीळ दिला. पाण्याची धार लागली. छकुलीचे खांदे सैल झाले.

“फुडल्या म्हैन्यात साक्ष हाय नव्हं तुजी?” भागूबाईनं आवाज उतरवला. “वळखत न्हाय म्हनायचं. एवढंच. तुज्या वहिनीला मी बघते. नीज आईपाशी. जलमभर.”

पीळ आवळत गेला.

“बोल की. मुडदा बशिवला त्येचा, पर भाऊ हाय माजा.”

छकुलीनं वर पाहिलं. लगतच्या खडकावरून आईनं ऐकलं होतं. आईनं हळूच मान हलवली: व्हय म्हन.

छकुलीनं टोक सोडलं.

पीळ भर्रकन उलटा फिरला, गोधडी भागूबाईच्या पायांवर आदळली. शिव्या. मग सगळ्या काठाच्या शिव्या.

ती वाकली. निथळती गोधडी खांद्यावर घेऊन चढ चढू लागली. आईपाशी थांबली.

“दादाला गोठ्यातली म्हस बाहेर बांधाय सांग,” ती म्हणाली. “मला पाय पसराय जागा लागंल.”