सकाळची जांभळी, रात्रीची निळी

सोमवारी सकाळी सव्वाआठला इंदूबाई ओट्याला धरून स्वयंपाकघरात हळूच खाली बसल्या. पोळी तव्यावरच होती. ती जळल्याचा वास आला तेव्हा बैठकीत शाईचं पेन धूत बसलेले अनंतराव उठून आत आले. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग बायकोकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाई. डोकं फिरून राहिलं. झोप येऊन राहिली."

"सकाळी सकाळी झोप?"

इंदूबाईंचे डोळे मिटत होते. नात निधी नव्या रायपूरच्या ऑफिसला निघत होती. तिने पर्स खाली टाकली, आजोबांच्या मदतीने आजीला पलंगावर आणलं आणि नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय घेतलं. निधीने औषधांचा स्टीलचा डबा उघडला.

डब्यात कागदाची दोन पाकिटं होती. एकावर जांभळ्या शाईत 'सकाळ', दुसऱ्यावर गडद निळ्या शाईत 'रात्र'. अक्षर अनंतरावांचं, वळणदार. सकाळच्या पाकिटातली रक्तदाबाची नवी पट्टी अजून फोडलेलीच नव्हती. मानेच्या दुखण्यावरची गोळी, जिने झोप येते, ती मात्र एक कमी होती.

"आबा, आजी ने रात वाली खा ली है," निधी म्हणाली.

डॉक्टरांनी धोका नाही असं सांगितलं. पडून राहू द्या, एकटीला उठू देऊ नका, गुंगी दुपारपर्यंत उतरेल. तसंच झालं. एक वाजता इंदूबाईंनी चहा मागितला, म्हणजे ठीक होतं.

चहा अनंतरावांनी केला. तो देताना त्यांनी विचारलं, "काहून घेतली रात्रीची?"

"डावीकडची घेतली. डावीकडं सकाळची राहते."

"काल पट्टी बदलताना माझ्या हातून पाकिटं इकडची तिकडं झाली असतील. पण रंग पाहायचा नं. एक जांभळी आहे, एक निळी."

इंदूबाईंनी बशीत चहा ओतला. "दोन्ही काळीच त आहेत," त्या म्हणाल्या.

अनंतरावांच्या शाईच्या पेटीत काळी शाई नव्हतीच.

ती पेटी निधीने आजोबांच्या पंचाहत्तरीला दिली होती. आत लहान लहान दहा बाटल्या. अनंतरावांनी रेल्वेच्या लेखा विभागात सगळी नोकरी निळ्या-काळ्या शाईवर काढली. लाल शाई तपासणीवाल्यांची, हिरवी साहेबांची. एका कारकुनाने रजेच्या अर्जावर हौसेने हिरवी सही केली होती, तर त्याला अख्खा महिना सगळे 'या साहेब' म्हणत. तेव्हा पेटी उघडल्यावर अनंतरावांनी आधी हिरवी भरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'दूध दीड लिटर' असं लिहून खाली सही केली.

"दुधावर सही कोण करते?" इंदूबाई म्हणाल्या होत्या.

"साहेब."

मग घरात रंग शिरले. सिलिंडर आल्याची तारीख नारिंगीत. पण ती संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दिसत नसे, म्हणून ती विटकरी रंगात गेली. धोब्याचे कपडे मोरपिशीत. मोरपिशी कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावर लवकर वाळत नसे. एकदा त्यांच्या सदऱ्याच्या बाहीने चार चादरी पुसून टाकल्या आणि धोब्याशी हुज्जत झाली. औषधाच्या दुकानातल्या भुऱ्या पाकिटांवर सगळ्याच शाया फुटत, अक्षराला मुळ्या आल्यासारख्या दिसत. म्हणून ते जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पांढरा कागद कापून त्याची पाकिटं करत आणि त्यावर लिहीत. इंदूबाईंच्या गोळ्या त्या पाकिटांत आल्या.

प्रत्येक शाई पहिल्यांदा भरली की ते एका कोऱ्या कागदावर एकच शब्द लिहून पाहत: 'इंदू'. निधीने विचारलं होतं, यही क्यूं. त्यांनी कारण सांगितलं होतं की या शब्दात वळण आहे, टिंब आहे आणि खाली लांब ऊकार आहे. शाई कुठे दाटते, कुठे विरते ते कळतं.

"'दूध' भी लिख सकते थे," निधी म्हणाली.

"त्यात टिंब नाही," अनंतराव म्हणाले.

चहाचा कप ठेवून त्यांनी आता तोच कागद आणला. दहा ओळी, दहा वेळा 'इंदू'. तो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "सांग."

"काय सांगू? परीक्षा घेऊन राहिले काय म्हातारपणी?"

"सांग नं."

लाल त्यांनी लगेच ओळखला. विटकरी, गुलाबी आणि तपकिरीही. नारिंगीला पिवळा म्हणाल्या, ते चाललं असतं. हिरवा बरोबर. मोरपिशीलाही हिरवाच म्हणाल्या. शेवटी जांभळा, निळा आणि वांगी अशा तीन ओळी होत्या.

"हे तिन्ही काळे," इंदूबाई म्हणाल्या आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून, "नाईत काय?"

"वाचता येतात?"

"तुमी लिहिलं म्हणून माहीत आहे."

निधी दारात उभी होती. "आजी, वो मंडल के हल्दी-कुंकू में नीली साड़ी पे काला ब्लाउज... मैंने तो बोला था, क्या स्टाइल है."

"मले वाटलं खरंच चांगलं दिसून राहिलं," इंदूबाई म्हणाल्या. "बाकीच्या बायाही म्हणाल्या."

त्यावर तिघंही हसले. अनंतराव सर्वात आधी थांबले.

मंगळवारी त्यांनी इंदूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि हिंदीत सांगितलं ते असं: दोन्हीकडे मोतीबिंदू पिकला आहे, भिंग पिवळट तपकिरी झालं आहे, त्यातून निळा-जांभळा पार होत नाही, काळपट दिसतो. हे वर्षानुवर्षं हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला स्वतःला कळत नाही. आधी उजवा डोळा करू. गुरुवार रिकामा आहे.

"ऑपरेशन के बाद नीला दिखेगा?" अनंतरावांनी विचारलं.

"दिखना चाहिए. पहले-पहले तो ज़्यादा ही नीला लगेगा."

इंदूबाईंनी एकच विचारलं, गॅसपुढे किती दिवस उभं राहायचं नाही. पंधरा, असं उत्तर मिळालं. परतताना ऑटो बूढ़ापारा वस्तीच्या वळणावर आली. इंदूबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस काय खाल?"

"खिचडी."

"खिचडीत पाणी किती टाकतेत?"

"तू सांगशील नं बाजूला बसून. तोंडाचं ऑपरेशन नाही."

ऑटोवाला मराठी समजत असावा. तो आरशात पाहून हसला. इंदूबाई हसल्या नाहीत. खरी गोष्ट खिचडीची नव्हती, हे अनंतरावांना ठाऊक होतं. इंदूबाईंची थोरली बहीण गोदू वर्ध्याला असे. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालं होतं, टाक्यांचा जमाना होता तेव्हा. पट्टी काढल्यावर तिला त्या डोळ्याने खिडकी कुठे आहे तेवढंच कळे, दुसरा आधीच अधू होता. शेवटपर्यंत ती ताटातला भात चाचपून खायची. इंदूबाई वर्ध्याला गेल्या की गोदूचं ताट त्याच वाढत.

घरी आल्यावर अनंतरावांनी पेन धुतलं, पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर टाकली. मग निधीचं जाड काळं मार्कर घेतलं. पाकिटांवर मोठ्या अक्षरांत 'सकाळ' आणि 'रात्र' लिहिलं आणि सकाळच्या पाकिटाला एक रबर गुंडाळलं, हाताला कळावं म्हणून. संध्याकाळी दुधाचं गणितही त्यांनी मार्करनेच लिहिलं. सही केली नाही.

बुधवारी सकाळी इंदूबाई कॅलेंडरपुढे थांबल्या. चेहरा कागदाच्या अगदी जवळ नेला.

"साहेब रिटायर झाले काय?"

"रजेवर आहेत."

"किती दिवस?"

"तुले जांभळा दिसेपर्यंत."

"धमकी देऊन राहिले?"

"नाही. ज्या शाईनं तुले चुकीची गोळी खाऊ घातली, ती हातात धरवत नाही," अनंतराव म्हणाले. "आणि तूच पाहणार नाहीस त दहा रंग कोणासाठी? निधी त मोबाइलवर लिहिते."

"पाकिटं उलटी ठेवली तुमी. शाईनं काय केलं?"

"हव. तेही खरं."

"अन् गोदूसारखं झालं मले, तर?"

अनंतरावांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं: आता टाके नसतात, भिंग आत बसवतात, एकाच डोळ्याचं करतात, दुसरा राहतो. इंदूबाईंनी मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही.

"झालं त ताट मी वाढीन," अनंतराव म्हणाले.

"तुमी भाताआधी ताक वाढता," इंदूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी त्यांनी नवऱ्याला ओट्याशी उभं केलं आणि स्वतः स्टुलावर बसून खिचडी करवून घेतली. डाळ धुताना अर्धी मोरीत गेली. पाणी जास्त झालं. इंदूबाई ती खिचडी वाटीने प्यायल्या आणि त्यांनी चवीबद्दल मत दिलं नाही. अनंतरावांनी विचारलं, मग उद्या सकाळी दवाखान्यात जायला गाडी सांगू का. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. निधीने तरी सांगून टाकली, आठ वाजताची, आणि सुट्टी टाकली.

संध्याकाळी निधी दिवा लावायला देवापाशी गेली तेव्हा शाईचा तो कागद तिथे होता, कुंकवाच्या करंड्याखाली घडी न घालता ठेवलेला. इंदूबाई पाटावर बसल्या होत्या.

"निधी, यात जांभळी ओळ कोणती?"

"ये वाली, आजी. ऊपर से आठवीं."

"नक्की?"

"पक्का."

इंदूबाईंनी अनामिका करंड्यात बुडवली आणि त्या ओळीच्या बाजूला कुंकवाचा ठिपका दिला. लाल त्यांना अजून नीट दिसतो. "आबाले सांगू नको," त्या म्हणाल्या.

निधीने लगेच सांगितलं. अनंतराव उठले, कपाटावरची पेटी खाली काढून टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. गाडी आठची आहे. इंदूबाईंनी अजून होकार दिलेला नाही. तांदूळ आणि डाळ मात्र त्यांनी दोन वेगळ्या डब्यांत, खालच्या फळीवर, अनंतरावांच्या हाताला येतील असे काढून ठेवले आहेत.