चार वर्षांचा दगड

टॅलमन कॉलेजला एकशे अठरा वर्षं झाली होती आणि त्यातल्या एकाही वर्षी तिथे अमेरिकन फुटबॉलचा संघ नव्हता. पण वर्गातली मुलं कमी होत गेली, त्यातही मुलगे तर बोटावर मोजण्याइतके उरले, तेव्हा विश्वस्तांनी डोकं लढवलं. संघ काढा, मुलगे आपोआप येतील. आणि खरंच आले, एका उन्हाळ्यात एकशे बारा आले. मैदान तयार झालं, निळे शर्ट शिवून आले, शिरस्त्राणांवर क्रौंच पक्ष्याचं चित्र चिकटवून झालं. मग अध्यक्ष डॉ. व्हिटमोर यांच्या लक्षात आलं की सामन्याच्या दिवशी खेळ सोडून आणखी काय करायचं असतं, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. नेब्रास्कातल्या बाकीच्या कॉलेजांत कुठे घंटा वाजते, कुठे तोफ उडते, कुठे अख्खं गाव बँडमागून चालत येतं. इथे नुसतं गवत होतं. त्यांनी माजी विद्यार्थी कार्यालयातल्या नडीन कुसेराला बोलावलं आणि ऑगस्टच्या आत चारपाच प्रथा तयार करायला सांगितलं.

"नव्या ना?" नडीनने विचारलं.

"नव्याच. पण जुन्या वाटल्या पाहिजेत."

नडीन एकोणसाठ वर्षांची होती आणि त्यातली एकतीस तिने त्याच टेबलाशी काढली होती. कोणत्या सालच्या कोणाचं कोणाशी लग्न झालं आणि कोणाचं मोडलं, हे तिला कागद न बघता सांगता यायचं. तिने समिती नेमली. तोफेला नगरपालिकेने नकार दिला, कारण मैदानासमोरच वृद्धाश्रम होता. मग प्रशिक्षक रस्क यांच्या डोक्यातून निघालं की चेंडूला पहिली लाथ बसताना सगळ्यांनी क्रौंचासारखं एका पायावर उभं राहायचं. पहिल्याच सामन्यात एकोणसत्तर साली पदवी घेतलेले एक गृहस्थ तोल जाऊन बाकांच्या तीन पायऱ्या खाली गेले आणि तो बेत तिथेच बारगळला. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल एका ताटात वाढायची कल्पना लोकांना फार आवडली, पण ते तर या राज्यात प्रत्येक शाळेच्या जेवणात असतंच. त्याला प्रथा म्हणणं म्हणजे पोळीभाजीला प्रथा म्हणण्यातला प्रकार होता.

दगडाची कल्पना मात्र नडीनची स्वतःची. नव्या खेळाडूने घराजवळचा एक दगड आणायचा. मैदानात उतरायच्या वाटेवर त्या दगडांची भिंत रचायची, सिमेंट लावायचं नाही. प्रत्येक सामन्याआधी पोरांनी भिंतीला हात लावून मैदानात जायचं, आणि चार वर्षांनी पदवी मिळाली की आपापला दगड काढून घरी न्यायचा. रिकाम्या जागी नव्या पोराचा दगड बसेल. व्हिटमोर ऐकून म्हणाले की हे शंभर वर्षं टिकेल. जुलैत घरोघर पत्रं गेली. ऑक्टोबरात कुटुंबांचा सामना असतो, त्या दिवशी दगड घेऊन या, साधारण मुठीएवढा. नडीनला त्या रात्री आनंदाने झोप लागली नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिटमोरांनी तिला दार लावून बसायला सांगितलं. मे महिन्यात कॉलेज कायमचं बंद होणार होतं. विश्वस्तांचं मतदान झालेलं होतं आणि जाहीर डिसेंबरात करायचं होतं. आत्ताच कळलं तर पोरं आणि प्राध्यापक नाताळच्या आत पांगतील, मग वर्षसुद्धा पुरं होणार नाही, म्हणजे पोरांचंच नुकसान, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. त्यांनी एक कागद पुढे केला. बाहेर बोललेल्या माणसाची नोकरी त्याच दिवशी जाईल, असं त्यावर लिहिलं होतं. नडीनच्या नवऱ्याचं, लॉइडचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं आणि त्याचा विमा तिच्या नोकरीवर होता. तिने सही केली. लॉइडलाही सांगितलं नाही. तो डायलिसिसच्या खुर्चीत चार चार तास बसायचा आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसापासून काही लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्या दिवसापासून तिला काही वाटेनासं झालं. दुःख नाही, राग नाही, साधी काळजीसुद्धा नाही. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. ती वेळेवर जेवायची, समितीत हसायच्या जागी हसायची, भिंतीच्या पायासाठी खडी मागवायची. पोरं पहिले चारही सामने हरली तेव्हा शेजारची कारकून बाई रडली आणि नडीनने तिला आपला रुमाल दिला. तिच्या कोऱ्या चेहऱ्याला लोक धीर म्हणत. एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई, तिला काय होतंय, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एमेट स्ट्रोबेलचा पहिला फोन आला. हा रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा, नव्या संघातल्या वेंडल स्ट्रोबेलचा आजोबा. वेंडल लहान असतानाच त्याची आई वारली होती आणि पोराला वाढवलं होतं ते यानेच. त्याची तक्रार एवढीच की मुठीएवढ्या दगडात काय अर्थ आहे. त्याच्याकडे लिंडेन गावच्या शाळेची दगडी पायरी होती. शाळा पाडली तेव्हा त्याने ती उचलून आणून अंगणात ठेवली होती. त्या पायरीवरून तो शाळेत गेला, त्याची मुलगी गेली, वेंडल सातवीपर्यंत गेला. चालेल का, असं तो विचारत होता. नडीनने माप विचारलं. तो फूटपट्टी घेऊन आला आणि फोनवरच मोजू लागला. तळाच्या थरात, डाव्या कोपऱ्यात बसेल, असं ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात त्याने गाडी कुठल्या फाटकातून आणायची ते विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात आपली चिली तिखट असते, चालेल ना, हे विचारलं. प्रत्येक वेळी नडीनने नीट, सविस्तर उत्तर दिलं.

कुटुंबांच्या सामन्याचा शनिवार कोरडा आणि वाऱ्याचा उजाडला. गाड्यांच्या मागच्या फळ्या खाली पाडून लोक सकाळपासून शिजवत होते आणि गवतावर पोरंटोरं चेंडू फेकत होती. एमेट जुन्या पिकअपमधून आला. मागे घोंगडीत गुंडाळलेली पायरी होती. ती बघून रस्क यांनी संघातली सगळ्यात आडदांड चार पोरं बोलावली. त्यांनी ती उतरवली तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वेंडल कानापर्यंत लाल झाला.

"इतकी वर्षं मला सांगतात, सामान कमी बाळग," तो म्हणाला, "आणि स्वतः शाळा घेऊन आले."

"शाळा कुठे, नुसती पायरी आणलीय," एमेट म्हणाला. "वर्ग पुढच्या खेपेला."

दगड ठेवायची रांग लागायला अर्धा तास होता. एमेटने नडीनला आपल्या घडीच्या खुर्चीत बसवलं, हातात चिलीची वाटी दिली आणि वर रोल ठेवला. चिली खरंच तिखट असावी, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जिभेला काही कळलं नाही. म्हातारा मात्र खुशीत होता. बोलता बोलता लिंडेनच्या शाळेवर आला. शाळा बंद झाली त्याचं त्याला फार वाटत नव्हतं. पोरंच उरली नव्हती, बंद होणारच. पण शाळांच्या अधीक्षकाला ते उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. त्याने छपराच्या वर्गणीसाठी ठेवलेल्या न्याहारीला सगळ्यांबरोबर बसून पॅनकेक खाल्ले, नव्या छपरासाठी लोकांना शनिवारी शिडीवर चढवलं, आणि नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी शाळा बंद झाल्याची चिठ्ठी दारावर लावली. सोमवारी पोरं बसने तीस मैलांवरच्या शाळेत गेली. तिथल्या संघांत, वर्गांत, सगळीकडे जागा भरलेल्या होत्या.

"बंद केली म्हणून मी त्याला कधी काही बोललो नाही," एमेट म्हणाला. "त्याने माझ्याकडून छप्पर घालून घेतलं, ते मात्र माझ्या मनातून जात नाही."

नडीनने वाटी संपवली. तिच्या मनात आलं की आता उठावं, यादी तपासावी. ती उठलीसुद्धा. तेवढ्यात एमेटने तिला थांबवलं आणि जरा बाजूला नेलं. वेंडलसमोर बोलायचं नव्हतं. कॅन्सासमधल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकाचा तीनदा फोन आला होता. जानेवारीपासून वेंडलला संघात जागा देतो म्हणत होता, शिक्षणाचा खर्चही त्यांचा. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं, नंतर जागा दुसऱ्याला जाणार. वेंडलचा जीव इथे रमला होता. पाच सामने हरूनसुद्धा रमला होता, यावरून काय ते समजा, असं म्हातारा म्हणाला.

"मी त्याला सांगितलंय, एका जागी चार वर्षं काढ. दगड ठेवतोयस तर दगडासारखा राहा. पण बाई, तुम्ही इथे तीस वर्षं आहात. माझ्या जागी असता तर सोमवारी त्या माणसाला काय सांगितलं असतंत?"

"रांग लागतेय," नडीन म्हणाली.

"लागू दे. दोन शब्दांचं काम आहे."

मागे ध्वनिक्षेपक सुरू झाला होता. व्हिटमोर लोकांना भिंतीकडे बोलवत होते. चार पोरांनी पायरी उचलून तळाच्या थराशी, डाव्या कोपऱ्यात टेकवली होती आणि वेंडल गुडघ्यावर बसून ती नीट बसतेय का बघत होता. त्याच्यामागे पन्नाससाठ कुटुंबं उभी होती, हातात पिशव्या, रुमाल, बुटांचे खोके. नडीनला वाटलं, आपण आता 'इथेच राहू द्या' म्हणणार. शब्द तोंडात तयार होते आणि पाच आठवडे असलेच शब्द बाहेर पडत होते.

"त्याला हो सांगा," ती म्हणाली.

एमेटला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. मे महिन्यात बंद होतंय. पुढच्या वर्षी संघ नाही, वर्ग नाही, काहीच नाही. डिसेंबरात जाहीर करतील, तोवर कॅन्सासची जागा गेलेली असेल. तिचा आवाज सामन्यांचं वेळापत्रक वाचून दाखवताना असायचा तसाच होता.

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"सप्टेंबरपासून. दुसऱ्या आठवड्यापासून."

तो मनात काहीतरी मोजत राहिला. त्याचा पहिला फोन त्यानंतरचा होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"मग मी पट्टी घेऊन मोजत होतो, तेव्हा तुम्ही मला कोपरा का सांगितलात?"

विमा, लॉइड, सही केलेला कागद, सगळं खरं होतं आणि यातलं काहीही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. एमेट भिंतीकडे गेला आणि वेंडलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उचल. गाडीत घाल."

"आजोबा, आत्ताच तर बसवली."

"उचल म्हणतो ना, पोरा."

त्याच्या आवाजात असं काही होतं की चारही आडदांड पोरांनी न विचारता पायरी उचलली. रांगेतून वाट काढत ती पिकअपकडे जाऊ लागली आणि लोक बाजूला सरले. रस्क धावत आले आणि दगड तुटला का, मोठा पडला का, विचारू लागले. एमेटने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बाईंना विचारा," तो म्हणाला. "त्यांना सगळं ठाऊक असतं."

सगळे तिच्याकडे वळले. व्हिटमोर लांबवर मंचावर होते, त्यांना दिसत नव्हतं, ते या भिंतीविषयीच बोलत होते. तिने एकाला सांगितलं होतं. तिच्या मनात होतं तेही एवढंच, एक पोरगा सुटला की झालं. उरलेले एकशे अकरा तिने हिशोबात धरलेच नव्हते, आणि हे तिला आत्ता, या क्षणी कळलं. वेंडलच्या जागी आता रांगेतली पुढची बाई आली होती. दवाखान्यातल्या रात्रपाळीचा गणवेश अजून तिच्या अंगावर होता. तिचा मुलगा शेजारी उभा होता आणि तिच्या तळहातावर एक गोल, करडा दगड होता, त्यावर पांढऱ्या रंगाने त्याचं नाव लिहिलेलं.

"आमचा ठेवायचा ना?" तिने विचारलं.

नडीनला भीती वाटली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच. नोकरी आणि विमा गेल्यावर सोमवारी लॉइडला कुठल्या दवाखान्यात न्यायचं हे तिला माहीत नव्हतं. आणि त्या भीतीपेक्षाही मोठी होती ती लाज, या बाईच्या डोळ्यांत बघताना वाटणारी.

"नका ठेवू," ती म्हणाली. "घरी घेऊन जा. कॉलेज बंद होतंय."

त्या बाईने दगडावर मूठ मिटली. मागच्या लोकांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण ते एकमेकांना विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. नडीनने त्यांच्याकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं.