लांबून घेतलेलं माप

टेलरकाकांनी कॅमेरा घेतला तो आकडा बघून. दुकानदाराने सोळा मेगापिक्सेल म्हटलं आणि काका खूश; पुढचं ऐकायला थांबतंय कोण? बायकोला मात्र फोटोचं वावडं. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. म्हणून काका शिलाईच्या दुकानाच्या पार टोकाला उभं राहून, झूमचं बटण शेवटपर्यंत दाबून, काजं करत बसलेल्या तिचे चोरून फोटो काढायचे. आपण भलतेच हुशार, असं त्यांना वाटायचं.

ती गेली. वर्ष सरायच्या आत काकांना तिचा चेहरा नीट आठवेना. डोळे आठवावेत तर हनुवटी निसटायची. काका घाबरले. भिंतीवर मोठा फोटो हवाच, म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन स्टुडिओत आले.

फोटोवाल्याने पडद्यावर एकेक फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येकात चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके. त्याने समजावलं, की भिंगाचा खरा झूम थोडाच असतो. त्यापुढे कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापून ताणतो. त्यात चित्र टिपणारा सेन्सर नखाएवढा आणि दुकानात उजेड कमी. नुसता आकडा घेऊन काय चाटायचाय?

"म्हणजे वीतभर कापडाचा सदरा," काका म्हणाले.

"तसंच. चेहरा यात आलेलाच नाही, काका. मी कुठून आणू?"

 काकांचं उभं आयुष्य गिऱ्हाइकांना 'जवळ या, माप घेऊ द्या' म्हणण्यात गेलं आणि घरच्या माणसाचं माप लांबून घेतलं.

शेवटचा एक फोटो उरला होता. एकदाच ते खिडकीपाशी तिच्या अगदी जवळ गेले होते आणि तिने कॅमेरा अडवायला हात पुढे केला होता. फोटो लख्ख आला होता. बोटांवरच्या सुईच्या खुणा, अंगठ्याचं चिरलेलं नख, तळहाताच्या रेषा, सगळं स्पष्ट. हातामागे चेहरा पुरता झाकलेला.

"हा छापू?" फोटोवाल्याने हळूच विचारलं.

"छाप. मोठा छाप."

काकांनी तो मशीनसमोरच्या भिंतीवर टांगला. शिवताना मान वर केली की हात समोर, पुढे येऊ नका म्हणणारा. हळूहळू आठवणीत उरलेले तिचे डोळेही गेले. आता काका डोळे मिटून तिला आठवू पाहतात, तेव्हा तो हातच येतो.