दोन वाट्या तांदूळ

देवळी गावात अण्णाजींचं कापडाचं दुकान आहे, पण दुकानापेक्षा त्यांची जीभच जास्त चालते. तिचा खास राग भातावर; भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं त्यांचं मत. कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली की ते रस्त्यावरूनच विचारत, "काऊन बाप्पा, कोन बिमार हाय?"

अशा माणसाच्या मुलीनं, आकांक्षानं, नागपूरच्या ऑफिसात पसंत केला तो भंडाऱ्याकडच्या, भात पिकवणाऱ्या धानवाल्याचाच मुलगा. आज अंकित वडिलांना, हेमराजजींना, आणि दोन काकांना घेऊन बोलणी करायला आला होता. "बाबा, भातावर एक शब्द बी काढू नका," असं तिनं बजावलेलं. अण्णाजींनी ते पाळलंही. फक्त सकाळी तांदूळ किती टाकू, असं बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन वाट्या. शेवटी घासभरच त लागते."

पंगत बसली. वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा, पोळ्यांची चळत. हेमराजजींनी एक पोळी खाल्ली आणि दुसरीला ताटावर हात आडवा धरला. काकांनीही तेच केलं. "अजी घ्या ना, लाजून राह्यले का?" अण्णाजींनी आग्रह केला. पाहुणे नुसते हसले. स्वयंपाकघराच्या दारात आकांक्षाचा चेहरा उतरला. सोयरीक फिसकटली, असंच अण्णाजींना वाटलं.

मग भात आला. हेमराजजी सरसावून बसले. त्यांना नि अंकितला वाढतानाच पातेल्याचा तळ दिसला, काका भाताची वाट पाहत बसले. "आमचं जेवन त आता सुरू होते," हेमराजजी सहज बोलले.

अण्णाजी पातेलं घेऊन मागच्या दारानं निघाले. नवा भात शिजेपर्यंत व्याह्यांना खरकट्या हातानं बसवणार कसं? शेजारी तानबाचं घर. "भात हाय का रे?"

तानबा इतका खूश कधीच झाला नव्हता. "काऊन अण्णाजी, कोन बिमार हाय?"

"मी. आन लवकर."

पलीकडच्या घरी नत्थूजींच्या बायकोनं तर, थर्मामीटर आणू का, असंही विचारून घेतलं. पुढच्या घरी अण्णाजींनी प्रश्नाची वाटच पाहिली नाही, ते आधीच "मीच" म्हणाले.

कुठला मोकळा, कुठला गिचका, कुठला जिऱ्याचा, असा भात घेऊन ते घामाघूम परतले. पाहुण्यांनी शीतही ठेवलं नाही. हेमराजजी हात धुता धुता म्हणाले, "इवाईबुवा, आता तुम्ही या आमच्याकडं. पोळ्या कमी पडल्या त मी बी गावभर फिरीन."

व्याही म्हटलेलं ऐकून आकांक्षा आत पळाली. सगळे हसले. अण्णाजीही हसले, पण पोरगी आता खरंच जाणार, हे त्यांना तेव्हाच उमगलं.

संध्याकाळी रुख्मिणीबाईंनी पोळ्यांना कणीक घेतली. "राहू दे," अण्णाजी म्हणाले. "दोन वाट्या तांदूळ टाक, मले एकट्याले. पोरीले तिथं रोज काय जेवा लागते, पाहू दे."

कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून तानबा ओरडला, "काऊन अण्णाजी, अजून बरं नाई वाटून राह्यलं का?"

"नाई," अण्णाजी म्हणाले, आणि ताट वाढणाऱ्या आकांक्षाकडे पाहत राहिले.