अंगरख्याखालची धून

मी एक जुना कोमुझ आहे. हातभर लांब, तीन तारांचा, जर्दाळूच्या लाकडाचा. मित्रांनो, माझा आवाज फार लहान आहे. शेजारी कुणी चहाचा भुरका मारला तरी मी त्यात बुडून जातो. ही तक्रार नव्हे, मला घडवणाऱ्यानं मला असंच घडवलं. ओरडायला नारिनच्या डोंगरात वारा आहेच की, असं तो म्हणायचा.

त्याचं नाव तेंतिमिश. धंदा घोडे राखण्याचा, हौस वाजवण्याची. त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याचा मेहुणा दक्षिणेकडून भेटायला आला, तो जर्दाळूचा एक वाळका ओंडका खांद्यावर घेऊनच. तेंतिमिशची बायको भावावर जाम उखडली. "लोकांचे भाऊ गालिचे आणतात, आणि हा सरपण घेऊन आला!" पण तेंतिमिशनं ते सरपण चुलीत जाऊ दिलं नाही. अख्खा हिवाळा तो मला कोरत बसला. माझं पोट पोखरलं, त्यावर पातळ फळी बसवली आणि मेंढीच्या आतड्याच्या तारा ओढल्या. आज माझ्या अंगावर मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी आहे. काळ बदलला की सगळ्यांनाच काही ना काही सोसावं लागतं, मीही सोसतो.

माझी उमेदीची वर्षं उन्हाळी कुरणांवर गेली. संध्याकाळ झाली की लोकरी तंबूत मंडळी दाटीवाटीनं बसत. तिथं नियमांची पाटी नव्हती, पण रीत सगळ्यांना ठाऊक होती. वाजवणारा आणि चूल यांच्या मधून कुणी जायचं नाही. घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा हातात असेल तर खाली ठेवायचा. मूल रडू लागलं तर आई त्याला घेऊन बाहेर जाई आणि तंबूला टेकून ऐकत उभी राही. म्हणून आमचे लोक मुक्यानं ऐकतात असं मात्र समजू नका. वाजवता वाजवता तेंतिमिश उजवा हात हवेत उंच उडवायचा, आणि त्या क्षणी "बारकेल्दे!" अशी दाद आलीच पाहिजे. नाही आली तर तो रुसायचा. हात वर गेला की दाद, हात तारांवर असला की शांतता, एवढी साधी गोष्ट होती.

सगळ्यांत मोठी दाद केरिमकुलची असे. हा तेंतिमिशच्याच सालात जन्मलेला. आमच्याकडे एका सालच्या माणसांना एकमेकांची हवी तेवढी टर उडवायची मुभा असते, आणि केरिमकुल ती पुरेपूर वापरी. "तेंतिमिश, तुझ्यापेक्षा तुझे घोडे सुरात खिंकाळतात रे!" असं म्हणायचा. धून सुरू झाली की डोळे मात्र याचेच पाणावायचे.

तेंतिमिशनं रचलेल्या धुनांपैकी एकच नावाजली. तिचीही एक गोष्ट आहे. एका वसंतात तो कळप घेऊन नदी ओलांडत होता. बर्फ वितळून पाणी चढलं होतं. एक घोडी पलीकडे पोचली, तिचं शिंगरू मधल्या धारेत वाहून गेलं. ते शिंगरू तेंतिमिशनं स्वतःच्या हातांनी आईच्या पोटातून ओढून काढलं होतं. घोडी काठावर उभी राहून मागं बघत राहिली, आणि तोही. धुनेत हे सगळं आहे. आधी टापा, मग पाण्याचा जोर, घोडीची धडपड, काठ, आणि एकदम शांतता. तिथंच धून संपायची. पुढं काय झालं असं कुणी विचारलं तर तो तुटकपणे म्हणायचा, "पुढं काय व्हायचंय? नाही आलं शिंगरू."

पुढे त्याची बोटं आखडली आणि मी त्याच्या मुलीच्या, बुरुलच्या हाती आलो. ती मला घेऊन शहरात गेली, बेकरीत कामाला लागली, आणि मित्रांनो, मी गेलो कपाटावर. रजयांच्या घडीखाली किती वर्षं काढली ते माझं मलाच ठाऊक. मानेजवळ एक बारीक चीर गेली. बुरुलचा माझ्यावर राग नव्हता, तिला फक्त वेळ नव्हता, आणि पडून राहणाऱ्याला या दोन्हींत काही फरक वाटत नाही. मग एकदा रजई काढताना मी तिच्या डोक्यावर आपटलो. टेंगूळ चोळत तिनं मला मांडीवर घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं नाही. वर्षभरात ती संस्कृती भवनाच्या कार्यक्रमांत वाजवू लागली.

तिथं मला प्रेक्षक नावाचा प्राणी पहिल्यांदा दिसला. तो उशिरा येतो. येतो तो चिखलाचे बूट घेऊन, बसलेल्यांच्या गुडघ्यांवरून. "उठा, हा नंबर आमचा आहे!" असं तो धून चालू असताना भांडतो. बसला की सूर्यफुलाच्या बियांची पुडी उघडतो, आणि मग कटक, कटक, कटक. फोन डोक्यावर धरतो, म्हणजे मागच्याला मी दिसू नये. समोर मी प्रत्यक्ष बसलेलो असताना तो मला त्या काचेत बघतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. दुसऱ्या रांगेत आनारकुल आणि झीपारा या दोघी शेजारणी नेहमी ठरलेल्या. एकदा मी अगदी नाजूक जागी होतो, तेवढ्यात आनारकुलचा आवाज आला.

"अगं, ही बेकरीतली बुरुल ना?"

"तीच. जाड झालीय नाही?"

"दिव्यानं वाटत असेल."

"कुठला दिवा नि काय! पाव खाते, पाव."

बुरुलच्या बोटांना घाम सुटला आणि मी बेसूर वाजलो. मला घामाचा राग आला नाही, त्या दोघींचा आला.

आता त्या दुपारची गोष्ट सांगतो. तेंतिमिशचा डावा कान कधीच गेला होता. उजव्या कानाला थोडं ऐकू यायचं, आणि तोही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याच हिवाळ्यात बुरुलनं एक धाडस केलं होतं. वडिलांच्या धुनेला तिनं शेवट जोडला होता. शांततेनंतर मधल्या तारेवर, एकाच बोटानं, बारीक टापा सुरू होतात. थांबतात, पुन्हा येतात. शिंगरू पोहत येतं आणि काठाला लागतं. खिडकीपाशी बसून ती हे मला पुन्हा पुन्हा वाजवायला लावी. वडिलांना तिनं काही कळू दिलं नव्हतं.

"घरी ऐकवलं तर म्हणतील, माझ्या धुनेला शेपूट कशाला? आणि उठून जातील," ती मला म्हणाली. "चारचौघांत बसवते. तिथून कुठं उठतात बघू."

आतल्या आत ती घाबरलेली होती. कान राहिला होता तोवर हे त्याच्यापर्यंत पोचायला हवं होतं, आणि गाव दूर होतं.

नूरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला संस्कृती भवनात कार्यक्रम ठरला. तेंतिमिश गावाहून आला, सोबत केरिमकुल. केरिमकुलच्या काखेत एक गाठोडं होतं. आमच्याकडे चांगलं वाजवणाऱ्याच्या खांद्यावर चपान घालतात, भरतकामाचा जाड अंगरखा. "तुझ्या लेकीला चपान मी घालणार," त्यानं बजावून ठेवलं होतं. "तू मध्ये पडू नकोस, तुझे हात कापतात." दोघे पहिल्या रांगेत बसले.

बुरुलनं सुरुवात केली. बिया फुटत होत्या. चौथ्या रांगेत कुणाचा तरी फोन खणखणला आणि त्यानं तो घेतलाही. "हां, बोल! नाही नाही, मोकळाच आहे, कार्यक्रमात बसलोय!" तरी आम्ही नदीत उतरलो. पाणी चढलं, घोडी झुंजली, काठाला लागली. आणि शांतता आली.

बाप-लेक सोडली तर त्या सभागृहात ती धून केरिमकुलइतकी कुणालाच पाठ नव्हती, आणि तिथंच घात झाला. धून कुठं संपते हे पक्कं ठाऊक असलेला तो माणूस, शांतता पडताच गाठोडं सोडत मंचावर चढला आणि चपान बुरुलच्या खांद्यांवर टाकला. तिचे दोन्ही हात आत अडकले. मीही आत गेलो, मला नुसता अंधार दिसू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उभे राहिले. "बारकेल्दे! बारकेल्दे!" त्यात तेंतिमिशचाही आवाज होता. लेकीनं धून नीट वाजवली याचाच त्याला आनंद. त्याच्यापुरती ती नेहमीच्या जागी संपली होती.

"ऊठ पोरी, छातीवर हात ठेव, लोक बघतायत," केरिमकुल पुटपुटला.

"केरिमकुल अबा, संपलं नाही अजून."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय मी ही धून!"

बुरुल उठली नाही. मित्रांनो, मी तिच्या छातीला टेकलेलो होतो आणि तिचं काळीज माझ्या फळीवर धडधडत होतं. आता उठलं असतं तर सगळं गोड झालं असतं. मानपान झाला होता, वडील खूश होते. ती रडवेली झाली होती. आणि मग त्या जाड कापडाखाली, कुणालाही ऐकू येणार नाही अशा जागी, तिनं मधल्या तारेवर बोट ठेवलं आणि शिंगराच्या टापा सुरू केल्या. एवढा एकटा मी कपाटावरही नव्हतो.

ऐकू तर कुणालाच आलं नाही. पण तेंतिमिशनं पाहिलं. चपानाखाली तिचा कोपर हलत होता. आयुष्यभर वाजवलेल्या माणसाला कोपर कळतो. त्याचे टाळ्या वाजवणारे हात थांबले. तो हळूच खाली बसला, उजव्या कानामागं तळवा धरला आणि पुढं वाकला.

आमच्याकडे वडीलधारं माणूस कान देऊन बसलं की इतरांनी गलका करायचा नसतो. ही रीत भवनात येताना लोक दाराबाहेर ठेवत असावेत, पण विसरले नव्हते. पहिली रांग बसली. मग दुसरी.

"बस की गं!" आनारकुलनं झीपाराचा हात ओढला. "म्हातारा बसला नि आपण काय खांब आहोत?"

चौथ्या रांगेतल्यानं फोन बंद केला. बियांच्या पुड्या मिटल्या. मंचावर एकटा केरिमकुल उभा होता. त्यानं मित्राकडं पाहिलं, बुरुलच्या कोपराकडं पाहिलं आणि स्वतःच चपान उचलून घेतला. मला उजेड दिसला.

बुरुलनं शांततेपासून पुन्हा सुरुवात केली. शिंगराला तिनं पहिल्यापासून पाण्यात उतरवलं. माझ्या लहान आवाजाला इतकी जागा पुष्कळ वर्षांत मिळाली नव्हती. टापा थांबल्या, पुन्हा आल्या, आणि शेवटचा सूर काठाला लागला. तरीही कुणी टाळी वाजवली नाही. सगळे म्हाताऱ्याकडं बघत होते.

कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा तेंतिमिश मोठ्यानं बोलला. "आलं?"

"आलं, अता," बुरुल वडिलांना म्हणाली.

"ऐकलं मी. आलं." तो रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. "मी त्याला इतकी वर्षं पाण्यातच ठेवलं गं."

केरिमकुल चपान छातीशी धरून उभा होता. त्यानं नाक ओढलं. "आता तरी घालू का? की घोडीचा बाप पण यायचाय?"

सगळं सभागृह हसलं, आणि मग टाळ्या झाल्या.

तेंतिमिशचा उजवा कान त्याच उन्हाळ्यात गेला. आता बुरुल वाजवते तेव्हा तो नुसता शेजारी बसतो.

मित्रांनो, म्हणून एवढंच मागतो. मैफलीला वेळेवर जा. बिया खिशात राहू द्या आणि फोन झोपू द्या. दाद मोकळेपणी द्या, आम्ही तिचे भुकेले आहोत. पण धून तुम्हाला कितीही पाठ असली, तरी ती संपलीय असं ठरवण्याआधी वाजवणाऱ्याच्या हाताकडे एकदा बघा. ज्याला पुन्हा कधी ऐकू येणार नाही असं कुणीतरी तिथं पहिल्या रांगेत बसलेलं असतं.