मल्कीरामच्या घराखालचं टाकं

मी एक टाकं बोलतोय. यहूदाच्या डोंगरातल्या पांढऱ्या खडकात कोरलेलं, पाण्याचं टाकं. हेब्रोनच्या वाटेवरच्या आमच्या गावात टाकी पुष्कळ होती, पण माझ्यासारखं एकही नव्हतं. हे मी फुशारकीने सांगतोय, आणि सांगणारच.

माझा जन्म भीतीपोटी झाला. उत्तरेकडून सैन्य येतंय अशी आवई उठली, तेव्हा मल्कीरामच्या आजोबांनी घराच्या मागच्या खोलीतली जमीन फोडली आणि लोखंडी टिकावाने मला खाली खाली कोरत नेलं. गळा अरुंद, पोट मोठं. चुन्यात राख कालवून त्यांनी माझ्या अंगावर असा गिलावा दिला की आजही त्याला तडा नाही. शेवटचा हात फिरवून ते म्हणाले होते, "वेढा पडला तर सगळी आळी जगेल."

सैन्य काही आलं नाही. माझ्या तोंडावर सपाट दगड बसला, दगडावर पेंढा पडला. छपरावरचं पाणी भिंतीतल्या पन्हाळीतून गुपचूप माझ्यात उतरत राहिलं. आजोबा गेले, मुलगा गेला. माझी माहिती फक्त नातवाला, मल्कीरामला उरली.

मल्कीराम वाईट माणूस नव्हता. वेशीत बसून न्याय करणाऱ्या वडीलधाऱ्यांत त्याचा शब्द शेवटचा असे. गरिबाचं म्हणणं तो पुरतं ऐकून घ्यायचा. मग पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. जैतुनाची फळं झाडावरच सुरकुतली. तेव्हा मल्कीरामनेच वेशीत ठरवून घेतलं की गावातली सगळी टाकी आता सामाईक. रोज घरटी एक घागर, श्रीमंत असो की भिकारी. प्रत्येकाने जिवंत परमेश्वराची शपथ घेऊन आपल्याकडचं पाणी सांगायचं. पहिली शपथ त्याने स्वतः घेतली. अंगणातलं टाकं सांगितलं. मला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? आणखी वाईट दिवस आले तर असू द्यावं, असं त्याला वाटलं असणार. पेंढा बाजूला करून तो माझ्यात डोकवायचा तेव्हा स्वतःशीच पुटपुटायचा, "पुढच्या महिन्यात सांगू." एवढं मात्र खरं की त्या उन्हाळ्यात वरच्या आळीतली दोन म्हातारी माणसं गेली, आणि मी गळ्यापर्यंत भरलेलो होतो.

पुढचं सगळं मला माझ्याकडे पाणी भरायला येणाऱ्या बायकांकडून कळलं. इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय.

मल्कीरामची लेक हमूटल गावातच दिलेली होती. तिला मुलगा झाला आणि उन्हाने तिचं दूध आटायला लागलं. मल्कीराम भुशाच्या पोत्यात पाण्याची पखाल लपवून तिच्याकडे न्यायचा. "माझ्या वाट्यातलं राखलंय, पोरी. म्हाताऱ्याला किती लागतं?" असं म्हणायचा. हमूटलने त्याचे हात डोळ्यांना लावले होते.

गावाने उपास धरला. सगळे गोणपाट नेसून, डोक्यावर राख घालून वेशीत जमले. पुढे मल्कीराम. त्याने अंगरखा छातीपर्यंत फाडला आणि आकाशाकडे हात केले. तेवढ्यात हशब्या आला. हशब्या हा गावोगाव फिरून देवाचा शब्द सांगणारा. लोक त्याला भ्यायचे आणि मागे नकलाही करायचे. तो म्हणाला, "ओरडू नका, देव बहिरा नाही. कपडे फाडलेत, ठीक आहे. पण घरातली जमीन कोण उघडणार? ज्याने झाकलंय तो राख फासून तुमच्यातच उभा आहे. त्याने उघडलं नाही, तर त्याचंच रक्त ते उघडं करील."

"याला ऊन लागलंय," मल्कीराम म्हणाला. लोक हसले. पण हसून झाल्यावर एकमेकांकडे बघायला लागले.

संशय आला की तो कमी माणसं असलेल्या घराकडेच आधी जातो. हमूटलच्या शेजारी तिम्ना राहायची. तरुण विधवा, परक्या अदोम देशातून लग्न करून आलेली, भाऊबंद कुणी नाहीत. हमूटलच्या दोरीवर बाळाची दुपटी रोज धुतलेली दिसायची. "आमच्याकडे तोंड धुवायला पाणी नाही, आणि मल्कीरामच्या नातवाची अंघोळ चुकत नाही," एकजण म्हणाली. दुसरीने सांगितलं, तिम्ना तिथे सारखी जाते-येते. संध्याकाळपर्यंत ठरून गेलं की सामाईक टाक्यातलं पाणी तिम्ना चोरते आणि मोठ्या घराची मर्जी राखायला हमूटलला देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिम्नाला वेशीत उभं केलं. गावाबाहेर काढा, असं सगळ्यांचं म्हणणं. त्या उन्हात बाहेर काढणं म्हणजे मारणंच. न्याय मल्कीरामने द्यायचा होता. त्याने खाली मान घालून तिम्नाला विचारलं, तुला काही सांगायचंय का. ती म्हणाली, "मी सांगितलेलं कोण ऐकणार? माझी घागर मी चाटूनपुसून वापरते, देवाला ठाऊक आहे."

तेवढ्यात बाळाला घेऊन हमूटल आली.

"आबा, हिने मला घोटभरही दिलं नाही. पाणी तुम्ही आणत होतात."

"माझ्या वाट्याचं, पोरी."

"तुमची घागर आईने संध्याकाळपर्यंत पुरवलेली मी डोळ्यांनी बघते. मग पखाल कशातून भरत होती?"

तिने बाळ पुढे केलं.

"याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, वाट्याचं होतं. मी आयुष्यभर विचारणार नाही."

मल्कीरामने हात उचलला. सगळं गाव बघत होतं. हात बाळाच्या डोक्याच्या वीतभर वर थांबला. तो खाली टेकला नाही.

"मागच्या खोलीत," तो म्हणाला. "पेंढ्याखाली."

मग माझ्यावरचा दगड चौघांनी सरकवला. माझ्यात दोर सोडले. मी काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं एक थेंब न गमावता जे सांभाळलं, ते पहिल्यांदा सगळ्या गावाच्या ओंजळीत गेलं. पहिली घागर तिम्नाला दिली. ती माझ्या काठाशी वाकून बराच वेळ आत बघत राहिली. "एवढं होतं," एवढंच बोलली.

वेशीतली मल्कीरामची जागा गेली. त्याला कुणी दगड मारले नाहीत. वरच्या आळीतल्या त्या दोघांबद्दलही कुणी विचारलं नाही. तो स्वतःलाच विचारायचा, माझ्या काठाशी बसून, मोठ्याने. पाणी भरायला बायकांना त्याच्या घरातून जावं लागायचं, त्या संकोचायच्या. म्हणून रस्त्याकडची भिंत त्याने आपल्या हातांनी पाडली. मदतीला कुणी आलं नाही. एकेक दगड त्याने छातीशी धरून बाहेर नेला. हमूटल सगळा हिवाळा त्याच्याशी बोलली नाही. पाऊस उशिरा आला, पण आला. पुढे एका दुपारी ती रिकामी घागर घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आबा, भरून द्या." भरताना त्याने अर्धं पाणी सांडलं. उरलेली अर्धी घागर तिने डोक्यावर घेतली.

आता त्या घराचा एक पायाच शिल्लक आहे. छप्पर नाही, खोली नाही, पावसाचं पाणी आता उतारावरून थेट माझ्यात येतं. मी आहे. माझ्या काठावर दोरांनी पडलेल्या खाचा बघा, बोट आत जाईल इतक्या खोल आहेत. राजांच्या मुकुटांवर रत्नं असतात म्हणे. माझ्या काठावर या खाचा आहेत, आणि मी अदलाबदल करणार नाही. मेंढपाळ येतात, वाटसरू येतात, पिऊन आपल्या वाटेने जातात.

तुम्हीही कधी या वाटेने आलात तर थांबा. दोर तेवढा आपला आणा. कुणाला विचारायची गरज नाही.